मालनबाई, पाणी?

चौसाळ्याच्या स्टँडवर एसटी येऊन लागली की यशोधरा पाटी वाचून सांगायची, "आई, बीडचीच आहे. चढ." मालनबाई चढायची नाही. ती आधी कंडक्टरला विचारायची, "दादा, बीडला जाती ना?" कंडक्टर हो म्हणाला तरी तिचं मन भरायचं नाही. आत बसल्यावर शेजारच्या बाईला ती पुन्हा एकदा विचारून घ्यायची. लेक वैतागायची.

"मी वाचून सांगितलं ना गं?"

"सांगितलंस बाई. पर इचारलेलं बरं असतंय."

लेक चौथीत होती तेव्हाही हेच, आणि लेक सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन नोकरीला लागली तेव्हाही हेच. गोळ्या कधी घ्यायच्या हे लेकीनं चिठ्ठीवरून सांगितलं, तरी ती मेडिकलवाल्याकडून पक्कं करून घ्यायची. अक्षरओळख नसलेलं माणूस सगळ्या जगावर थोडा थोडा विश्वास टाकतं, एकावर सगळा टाकत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. यशोधराला ते कळायचं आणि तरी लागायचं. आईनं एकदा, निदान एकदा तरी, दुसऱ्या कुणाला न विचारता आपल्या शब्दावर पाऊल उचलावं, असं तिला फार वाटायचं.

मालनबाई बांधकामावर पाणी मारायची. नवरा गेल्यापासून तिचं तेच काम. भिंत उभी राहिली की भिंतीवर, स्लॅब पडला की स्लॅबवर. स्लॅबवर बारके बांध घालून आळी करायची, त्यात पाणी तुंबवायचं, कडेनं ओलं गोणपाट पसरायचं आणि ते सुकू द्यायचं नाही. सिमेंटला ताकद येते ती ह्या पाण्यानं. पण बघणाऱ्याला वाटतं, बाई नळी धरून नुसती उभी आहे, हे काय काम झालं? म्हणून तिची मजुरीही सगळ्यांत कमी. यशोधरा शाळेच्या सुट्ट्यांत आईबरोबर घागरी वाहून मोठी झाली होती. पाण्याचं महत्त्व तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मालनबाई ज्यांच्या कामावर होती ते कंत्राटदार कल्याणराव. मूळ घर लिंगायत वाण्याचं. किराणा दुकान भावाच्या हवाली करून ते बांधकामात शिरले आणि शाळाखोल्या, गोदामं, समाजमंदिरं बांधत त्यांनी नाव कमावलं. कपाळावर विभूती, पांढरं धोतर, गालात लवंग. सगळे त्यांना अप्पा म्हणत.

अप्पांच्या कामाची रीत म्हणजे संध्याकाळची बैठक. काम सुटायच्या वेळी अप्पा यायचे, पालथ्या घमेल्यावर बसायचे, भोवती मुकादम, गवंडी आणि स्टोअर सांभाळणारे बबनराव. बैठक म्हणायची एवढंच. सेंट्रिंगचा बाळू मुकादम गवंड्यांवर खेकसायचा, गवंडी बबनरावांवर, आणि बबनराव वाळूच्या ट्रकवाल्याच्या नावानं बोटं मोडायचे. शेवटी अप्पा धोतर झटकत उठायचे आणि चपलेत पाय घालता घालता, मागं न बघता विचारायचे, "मालनबाई, पाणी?"

ती सगळ्यांच्या मागून, पिंपाला टेकून म्हणायची, "हाय, मालक." की बैठक संपली. कधी "न्हाई, मालक" आलं, तर अप्पा चपला काढून पुन्हा बसायचे, आणि पाण्याची सोय लागेपर्यंत एकालाही घरी जाता यायचं नाही. पण तसं क्वचित. एरवी त्या प्रश्नाकडं कुणाचं लक्ष नसायचं. तोवर जो तो उठून कपड्यांची माती झटकत असायचा.

देशाचे दरवाजे उघडले, असं पेपरात छापून येऊन बरीच वर्षं झाली होती. ते वारं बीडला पोचायला उशीर लागला, पण पोचलं. बाहेरच्या मोठ्या कंपन्या रस्त्यांची, पुलांची कामं घ्यायला लागल्या आणि त्यांना हाताखाली पोटकंत्राटदार लागायला लागले. अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या अशाच एका कंपनीचा साहेब अप्पांकडं आला. त्यानं विचारलं, "तुमचं प्लॅनिंग कशावर चालतं?" अप्पांनी स्वतःच्या डोक्यावर बोट टेकवलं. साहेब हसला. चांगल्या मनानंच हसला, पण अप्पांना ते झोंबलं.

"एक छोटं काम कॉम्प्युटरवर चालवून दाखवा," साहेब म्हणाला, "मग पुलांचं बोलू."

अप्पांनी बीडच्या ऑफिसात कॉम्प्युटर आणला, त्याच्यासाठी गार हवेचं यंत्र बसवलं, आणि स्वतः मात्र बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसले. सॉफ्टवेअर साहेबानं पाठवलं. ते चालवायला कोण, हा प्रश्न पडला तेव्हा बबनराव म्हणाले, "मालनबाईची पोरगी डिप्लोमावाली हाय की. कॉम्प्युटरचा कोर्सबी केलाय तिनं." अप्पांनी यशोधराला बोलावलं आणि दुसऱ्याच वाक्याला नोकरी देऊन टाकली. मालनबाईनं ही बातमी बबनरावांना, त्यांच्या बायकोला आणि खुद्द अप्पांना विचारून खरी करून घेतली, मगच ती रडली.

काम होतं चौसाळ्याच्या मंगल कार्यालयाचं. वैशाखात तिथं पहिलं लग्न लागायचं ठरलेलं होतं. यशोधरानं पुण्यात जाऊन सॉफ्टवेअर शिकून घेतलं आणि कामाला हात घातला. पायाखोदाईपासून रंगकामापर्यंत कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला किती वेळ, त्याच्या आधी काय व्हायला हवं, त्याला जबाबदार कोण, हे सगळं भरायचं. भरलं की पडद्यावर पट्ट्यांचा तक्ता उभा राहायचा. झालेलं काम हिरवं, रखडलेलं लाल. एक पट्टी ओढली की पुढच्या सगळ्या आपोआप सरकायच्या. अप्पा तिच्या खुर्चीमागं उभे राहून ते लहान मुलासारखे बघत.

आणि खोटं कशाला बोला, फरक पडला. पूर्वी विटा आधी यायच्या आणि पाया मागून खोदला जायचा. लोखंड पावसात गंजत पडायचं. आता सामान वेळेवर यायला लागलं. दोन कामं एकमेकांच्या वाटेत न येता शेजारी शेजारी चालायला लागली. पोरगी हुशार होती, आणि झटून काम करत होती.

बैठक बंद करायचं तिनंच सुचवलं. "अप्पा, तिथं जो तो दुसऱ्याचं सांगतो. ज्याचं काम त्यानं लिहून द्यावं." अप्पांनाही रोज चौसाळ्याला जीप पिटाळायचा कंटाळा आलेला होता. मग यशोधरानं छापील पॅड करून घेतली, एक सेंट्रिंगचं, एक गवंड्यांचं, एक स्टोअरचं. ती करण्याआधी तिनं प्रत्येक मुकादमाशेजारी बसून त्याचं काम समजून घेतलं, रकाने पाडले. मुकादमांनी संध्याकाळी पान भरायचं, तिनं सकाळी बीडची गाडी पकडताना ते बरोबर न्यायचं, ऑफिसात कॉम्प्युटरमध्ये चढवायचं. झाली पद्धत.

पाणी मारणं तिच्या तक्त्यात नव्हतं असं नाही. स्लॅब ओतल्यापासून त्याखालचं टेक्या-प्लेटांचं सेंट्रिंग खोलेपर्यंत काही दिवस थांबायचं असतं, तेवढे दिवस तिनं मध्ये सोडले होते. सॉफ्टवेअरला ते नुसतं थांबणं होतं. थांबण्याला पट्टी नसते, दोन पट्ट्यांना जोडणारा एक बारीक बाण असतो. त्याला रंग नसतो, आणि त्याच्यापुढं कुणाचं नावही लिहावं लागत नाही. त्या दिवसांत पाणी मारायचं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं की ते लिहायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. पाणी तर आई मारतेच की.

एक भानगड मात्र सुरुवातीलाच झाली. जेवताना मालनबाई सहज बोलून गेली, की बाळूचे दोन गडी दुपारीच निघून गेले. दुसऱ्या दिवशी यशोधरानं त्याच्या पानावर गड्यांच्या आकड्यावर खूण करून त्याला जाब विचारला. बाळू तिला काही बोलला नाही. तो मालनबाईला बोलला, सगळ्या गड्यांसमोर. "मालनबाई, तू पाणी मारायला येतीस का खबरी द्यायला?" त्या दिवशी मालनबाई भाकरी न खाताच घरी आली. यशोधराला फार वाईट वाटलं आणि तिनं नियमच करून टाकला: कामावरचं काहीही घरी बोलायचं नाही. जे असेल ते मुकादमाच्या पानातून यायचं. आईच्या अब्रूसाठी केलेला नियम होता तो.

"बरं बाई," मालनबाई म्हणाली. ती नियमाची पक्की होती.

चैत्र लागता लागता मोठ्या हॉलचा स्लॅब पडला. ऊन असं की दुपारी लोखंडाला हात लावता येत नव्हता. सुरुवातीला पाणी ठीक चाललं. मग कार्यालयाच्या बोअरनं गुळण्या टाकायला सुरुवात केली आणि एक दिवस नुसतीच हवा आली. टँकर लावला. तो थोडे दिवस आला, तेवढ्यात गावच्या विहिरीनं तळ गाठला आणि टँकर प्यायच्या पाण्याला गेला. त्यात कुणाचं काय चुकलं? माणसांनी प्यावं की स्लॅबनं?

मालनबाईनं आळी केली होती ती भेगाळली. गोणपाट पापडासारखं वाळलं. ती रोज पिंपाच्या तळातलं पाणी तांब्यानं काढून शिंपडत राहिली, पण एवढ्या मोठ्या स्लॅबला त्यानं काय होणार? ती बाळूकडं गेली.

"मुकादम, पाणी न्हाई. लिव्हा की तुमच्या कागदावर."

बाळूनं पॅड पुढं धरलं. "ह्यात पाण्याचा रकाना हाय का, दाव मला. टेके हायत, प्लेटा हायत, गडी हायत. पाणी कुठं लिव्हू?"

"मागं लिव्हा."

"मागं एकदा लिव्हलं तर म्याडम म्हणल्या, पॅड खराब करू नका." मग तो जरा नरमला. "बघतो. सांगतो त्यांना."

त्यानं सांगितलं नाही. खबरीचा राग त्याच्या पोटात अजून होता, आणि त्याच्या मनात आलं, तिची आईच सांगेल की घरी. बबनरावांच्या पॅडात सिमेंट होतं, वाळू होती, खडी होती. पाणी स्टोअरमध्ये ठेवत नाहीत. गवंड्यांचा स्लॅबशी संबंध संपला होता. तिन्ही पानं रोज सकाळी वेळेवर बीडला जात होती आणि त्यांतला एकही शब्द खोटा नव्हता.

मालनबाईनं नियम एकदाच मोडला. यशोधरा बीडहून दमून आली होती, पुढं पुण्याचा साहेब तक्ता बघायला येणार होता आणि सांडपाण्याच्या नळाचं काम लाल होऊन बसलं होतं. ताट वाढता वाढता मालनबाई भाजीकडं बघत म्हणाली, "यशे, पाणी न्हाई बरं का कामावर."

"आई," यशोधरा म्हणाली, "आपलं काय ठरलंय? पानातून येऊ दे."

"पानात न्हाई येत म्हणं ते."

"येईल. मी बघते." हे ती रागानं बोलली नाही. नंतर तिला शंभर वेळा आठवलं, ती रागानं बोलली नव्हती. तिनं वरून थोडं तिखट मागितलं.

"बघशील ना?"

"बघते म्हटलं ना."

मालनबाईनं ह्यावर दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. विचारणार कुणाला?

सकाळी गाडीत यशोधराला ते आठवलंही. तिला वाटलं, एखाद्या दिवशी टँकर चुकला असेल, आल्यावर वर चढून बघू. मांजरसुंब्याच्या फाट्यावर ट्रक आडवा झाला होता, गाडी खोळंबली, ऑफिसात पोचेपर्यंत साहेबाचा फोन येऊन गेला होता, नळाची पट्टी लालच होती. दिवसभर ती त्या लाल पट्टीशी झुंजत राहिली. संध्याकाळी तिनं ती हिरवी केली आणि तिला फार बरं वाटलं. कार्यालय तिच्या रोजच्या वाटेवर होतं. ती सकाळी खालून पानं घ्यायची, वर बघायची, आणि खालून स्लॅब चांगलाच दिसतो.

सेंट्रिंग खोलायचा दिवस आला. तक्त्यात त्याच दिवशी वरच्या कठड्याचं बांधकाम सुरू होत होतं. दोन कामं शेजारी शेजारी, वेळेची बचत. म्हणून आदल्या दिवशीच गड्यांनी विटा वर चढवून चळती लावल्या होत्या. खाली बाळूची माणसं टेके सोडवायला लागली.

अप्पांच्या कामावर एक जुना रिवाज होता. सेंट्रिंग खोलताना खाली पडलेल्या पाचरी, फळकुटं, चिपट्या, जे काही जळण्यासारखं असेल ते पाणी मारणारीचं. इतके दिवस तिनं स्लॅब सांभाळला, त्याचा तो मान. यशोधरानं गॅसला नंबर लावला होता, पण तो लागायचा होता, आणि लागला असता तरी मालनबाईनं हा हक्क सोडला नसता. ती पाटी घेऊन आत गेली.

बीडच्या ऑफिसात यशोधरा साहेबासाठी तक्ता छापत होती. त्या प्रिंटरचा आवाज असा की फोन वाजलेला तिला कळला नाही. बाहेर अप्पांनी घेतला. ते जीपची किल्ली घेऊनच आत आले.

"चल," ते म्हणाले. "स्लॅब बसला."

"कुणाला लागलं?"

"चल तू."

जीप अप्पा स्वतः चालवत होते. मांजरसुंबा मागं पडला. धाब्यांवर माणसं निवांत जेवत बसली होती. मग अप्पांनी, समोर रस्त्याकडं बघत, विचारलं, "यशोधरा, पाणी हुतं ना?"

हा प्रश्न त्यांनी किती महिन्यांनी विचारला असेल. तिनं तोंड उघडलं, "होतं" म्हणणार तेवढ्यात तिला भाजीची वाटी दिसली, आईचा हात दिसला. अप्पांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

अर्धा हॉल उभा होता. अर्ध्या हॉलचा स्लॅब विटांसकट खाली आला होता आणि मधून गज लोंबत होते. बाळू हात छातीशी धरून विटांच्या ढिगावर बसला होता. त्याचे गडी वेळेवर बाहेर उड्या टाकून वाचले. गावातली माणसं पहारी घेऊन लागली होती. मालनबाईला बाहेर काढून तिच्यावर कुणीतरी गोणपाट पांघरलं होतं. यशोधरानं ते बाजूला केलं. आईच्या केसांत सिमेंटची भुकटी होती, कोरडी, बोटांनी चोळली तर उडणारी. एवढ्या दिवसांच्या स्लॅबचं सिमेंट असं हाताला येत नाही. ती इंजिनिअर होती. ते बघितल्यावर तिला आणखी काही बघायची गरज उरली नाही.

मालनबाईच्या जलदान विधीच्या दिवशी कामावरचे सगळे आले. अप्पा आले आणि घमेल्यावर बसायचे तसे उंबऱ्याबाहेर दगडावर बसून राहिले. पोलिसांच्या फेऱ्यांनी ते थकून गेले होते. वंदना झाली, माणसं पांगायला लागली, तरी बाळू उठेना. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन तो भिंतीशी बसला होता. शेवटी तो यशोधराजवळ सरकला.

"म्याडम, एक सांगायचं हाय. अजून कुणाला बोललो न्हाई."

"बोल, दादा."

"टेके काढायच्या आधी म्या तिला हटकलं हुतं. म्हणलं, मालनबाई, निम्मे दिवस पाणीच नव्हतं. म्याडमला फोन लावून इचारू का? बूथ समोरच हाय. तुमाला फोन करायचं माझ्याबी जिवावर आलं हुतं. पर म्या इचारलं तिला. बाबासाहेबांची शपत, इचारलं."

"मग?"

"हासली. म्हणली, कावून इचारतूस रं? लेकीला सांगितलंय म्या. तिनं बघूनच तारीख काढली असंल. तिला काय इचारायचं." बाळूनं चांगल्या हातानं तोंड पुसलं. "मलाबी बरंच वाटलं ते. म्हणलं, चला, म्याडमला ठावं हाय."

इतक्या दिवसांत यशोधरा धड रडली नव्हती, लोक त्याची काळजी करत होते. आता तिला वाटलं, बाळूनं आपल्याला शिव्या द्याव्यात, अप्पांनी द्याव्यात, गावानं द्याव्यात, म्हणजे निदान काहीतरी सहन करता येईल. आयुष्यभर तिला जे हवं होतं ते आईनं तिला दिलं होतं, आणि ते देताना ती हसली होती. तिच्या पोटातून असा आवाज निघाला की बाहेर अप्पा उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जबाबासाठी बीडला बोलावलं होतं. काय सांगायचं ते तिनं ठरवलं होतं. पाणी नव्हतं, आणि ते मला सांगितलं होतं. एवढंच. वकिलानं अप्पांमार्फत वेगळं काहीतरी सुचवलं होतं, ते सांगता सांगता अप्पा अर्ध्यातच थांबले आणि तिला म्हणाले, "तुला जे खरं वाटंल ते सांग. मीबी इचारलं नव्हतं."

ती स्टँडवर उभी राहिली. वाटेत कार्यालयाचा उरलेला अर्धा हॉल लागला होता. तिनं मान वळवली नव्हती. गाडी येऊन लागली. समोर काचेवर, ठळक अक्षरांत, बीड लिहिलेलं होतं. तिनं ते वाचलं. माणसं तिला ढकलून चढत होती, तरी ती दाराशी थांबली.

"दादा, बीडला जाती ना?"

कंडक्टरनं पाटीकडं बोट केलं. "वाचता येत न्हाई का, ताई?"

"येतं," ती म्हणाली.

ती आत जाऊन बसली. शेजारी एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गाडी सुटली, गावाबाहेर पडली, तेव्हा यशोधरानं तिलाही एकदा विचारलं.